बसऱ्याला गेलेला चुलता

खेड म्हटलं की पुणेकराला राजगुरुनगर आठवतं. मीही आधी तिकडेच चौकशी करत बसलो होतो. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीतली ओळ पुन्हा नीट वाचली तेव्हा दिसलं, खेडपुढे रत्नागिरी लिहिलंय. आमच्या पणजोबांचा सोबती कोकणातला होता.

दोघंही ११० व्या मराठा पलटणीत. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ पासून, आजच्या इराकमधल्या कूटच्या वेढ्यात अडकलेले. २९ एप्रिल १९१६ ला ब्रिटिश जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. शिपायांची वाळवंटातून पायपीट झाली. मोसूलमार्गे आजच्या सीरियातलं रास-अल-ऐन, तिथे रेल्वेच्या कामावर. पणजोबा परत आले, सोबती तिथेच राहिला. ‘त्याच्या घरी जाऊन सांगायचंय’ असं पणजोबा म्हणायचे म्हणे. म्हणत म्हणतच गेले.

ताम्हिणी, महाड, कशेडी, भरणे नाका. पहिला दिवस चुकीच्या गावात गेला, कारण इंग्रजी स्पेलिंगमधून गावाची तीन नावं निघतात. (मे महिन्यात कोकणात माणूस शोधायला जाऊ नये. घामापेक्षा आग्रहाने जीव जातो. प्रत्येक पडवीत कोकम सरबत, वर फणसाचे गरे.) दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र नेमकं घर सापडलं.

आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. मी नाव आणि बापाचं नाव वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, देव्हाऱ्यातून एक टाक काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. चांदीचा पातळ पत्रा, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. वर्षानुवर्षं घासून नाकडोळे पार गेलेले. हातातली तलवार आणि घोडा तेवढा कळत होता.

“ह्यो आमचा वीर. माझ्या सासऱ्यांचा चुलता. बसऱ्याला गेला तो आलाच नाही.”

पायदळातला माणूस, घरच्यांनी घोड्यावर बसवलेला. मला भलतंच आठवलं. कूटमध्ये धान्य संपत आलं तेव्हा घोडी कापली. आपल्या शिपायांनी ते मांस किती तरी दिवस तोंडाला लावलं नाही. शेवटी शेवटी बहुतेकांनी खाल्लं. पणजोबांनी खाल्लं होतं. या चुलत्याने खाल्लं की नाही, ते पणजोबांनी कधी सांगितलं नाही. मीही तिथे तो विषय काढला नाही.

रास-अल-ऐनचं सांगितलं. पणजोबांचा निरोप सांगितला. शंभराहून जास्त वर्षं उशिराने. आजींनी तो जणू परवाच्या मयताचा असावा तसा ऐकून घेतला, मग विचारलं, “त्याचं नाव कोरलंय ना रे बाबा तिथं?”

मला उत्तर माहीत होतं. ज्यांची कबर सापडत नाही अशा चाळीस हजारांहून जास्त जणांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. पण साध्या हिंदी शिपायांची नावं त्या दगडावर घातलीच नाहीत. पलटणीपुढे नुसता आकडा. नावं वहीत. कमिशनने २०२१ मध्ये त्याबद्दल माफीही मागितली. सद्दामने १९९७ मध्ये ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन ठेवलं, ते वेगळंच. हे सगळं मी येताना गाडीत बायकोला तावातावाने ऐकवलं होतं.

“हो आजी,” मी म्हणालो. “कोरलंय.”

त्यांनी टाक परत घेतला, जागेवर ठेवला आणि सुनेला हाक मारली, “चाय ठेव गो.” बायको माझ्याकडे बघत होती. मी चहा घेतला. दोन कप.

निघताना नातू गाडीपर्यंत आला. माझा नंबर घेतला. “साहेब, त्या दगडाचा फोटो धाडा हां. मोठा करून आणतो, आजी टाकाच्या बाजूला लावायचा म्हणतेय.”

आता ऑगस्ट उजाडलाय. त्याचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले.