एफडीएमान्य केमिस्ट होईपर्यंत : माझा अनुभव

औषधांच्या तपासणीसाठी एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, मान्यता मला मिळाली आहे. म्हणून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं मला हमखास विचारतात, ऑरगॅनिक घेऊ की अ‍ॅनालिटिकल? जे आवडतं ते घ्या, पण टायट्रेशन स्वतःच्या हाताने आणि मन लावून करा, असं मी सांगते. मी ऑरगॅनिकची. रिअ‍ॅक्शनच्या मेकॅनिझम तोंडपाठ होत्या, पण नोकरीच्या मुलाखतींत त्या कुणी विचारल्याच नाहीत.

विचारलं ते हे : ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटर करायला किती ग्रॅम घ्याल? ४ ग्रॅम, हे सगळेच सांगतात. पुढचा प्रश्न खरा असतो. ४ ग्रॅम मोजून घेतलेत, मग पुन्हा स्टँडर्डाइज कशाला करायचं, म्हणजे द्रावणाची नेमकी तीव्रता कशाला तपासायची? कारण कॉस्टिक, म्हणजे हेच सोडियम हायड्रॉक्साइड, हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तुम्ही मोजलेले ४ ग्रॅम निव्वळ कॉस्टिकचे नसतात. म्हणून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारखं प्रायमरी स्टँडर्ड, म्हणजे वजनावर भरवसा ठेवता येईल असं शुद्ध रसायन, लागतं. हे 'का' ज्याला सांगता येतं, त्याला बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत औषध कंपनीच्या क्यूसीचं (गुणवत्ता तपासणी विभागाचं) दार उघडतं. मला ते कंत्राटी ट्रेनी म्हणून उघडलं. पगार खोलीभाडं आणि डब्यापुरता होता. आप्पांना वाटायचं, एवढं शिकून बाटल्या धुते की काय. काचेची भांडी धुणं हाही त्यातला भागच होता, आणि तो नीट करावाच लागतो. फ्लास्कच्या काचेवर आधीच्या नमुन्याचा अंश राहिला, तर पुढचा आकडा खोटा येतो.

सुरुवातीचे महिने एचपीएलसीला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या महागड्या यंत्राला, हात लावू देत नाहीत. बरेचजण त्याने खट्टू होतात, मला मात्र तोच काळ सगळ्यांत मोलाचा वाटतो. पॅरासिटामॉल गोळ्यांचा अ‍ॅसे (गोळीत औषध किती ते मोजणं) मी तेव्हा इतक्या वेळा केला की इंडियन फार्माकोपिया, हा औषधांच्या कसोट्यांचा अधिकृत ग्रंथ, उघडावा लागत नसे, तरी उघडायचे, कारण आठवणीवर काम करायचं नाही हा विभागाचा नियम. ०.१५ ग्रॅम पॅरासिटामॉल भरेल एवढी भुकटी, ०.१ मोलर कॉस्टिक, २०० मिलिलिटरपर्यंत पाणी, गाळणं, मग पातळ करत १० मिलिलिटरचे १०० आणि पुन्हा १० चे १००. यूव्हीवर, म्हणजे अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, २५७ नॅनोमीटरला शोषण बघायचं. विशिष्ट शोषण ७१५ धरलं की आकडा ०.५३६ च्या आसपास यायला हवा. तो तसा आला की मला आजही आनंद होतो.

आमच्या सेक्शनच्या मॅडमनी एक सवय अंगी बाणवली : दिसलं ते, दिसलं त्याच क्षणी, वहीतच लिहायचं. हातावर नाही, चिठ्ठीवर नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर तर विभागात आणायचंच नाही.

त्या सवयीचा अर्थ एका डिझोल्यूशनच्या (गोळीतलं औषध ठरल्या वेळात किती विरघळतं या चाचणीच्या) वेळी कळला. पहिल्या ६ गोळ्या कमी विरघळल्या. नियमाप्रमाणे आणखी ६ लावल्या, मग १२. चोवीसची सरासरीही मर्यादेखालीच. पलीकडे गाडी भरायला उभी, प्रॉडक्शनचे सर सारखे येऊन विचारत होते. "मॅडम, नव्याने लावू का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी कारण शोध. कारण मिळाल्याशिवाय एकही नवी गोळी भांड्यात टाकायची नाही." पाण्याचं तापमान ३७ अंश, पॅडलचा वेग, स्टँडर्डचं वजन, फिल्टर, सगळं तपासलं, प्रयोगशाळेत काही सापडलं नाही. मग बॅचची कागदपत्रं मागवली. फुटतुटीची तक्रार होती म्हणून गोळ्यांचा दाब वाढवला होता. दाब वाढला की गोळी टणक होते, पाणी आत शिरायला वेळ लागतो, औषध उशिरा सुटतं. बॅच अडवली गेली. नव्याने लावून एखादा बरा आकडा कदाचित मिळालाही असता, आणि तापाने फणफणलेल्या कुणाच्या तरी पोटात ती गोळी वेळेवर विरघळली नसती.

एफडीएच्या मान्यतेसाठी अर्ज आपण करत नाही, कंपनी करते. म्हणून पदवीचं प्रमाणपत्र आणि अनुभवाची पत्रं पहिल्या नोकरीपासून जपा. जुन्या कंपनीकडून नंतर पत्र मिळवताना फार दमछाक होते. ज्यांना प्रॉडक्शनमध्ये जायचंय त्यांच्यासाठी १९४५ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय : बी.फार्म. असेल तर १८ महिन्यांचा अनुभव, रसायनशास्त्राच्या विज्ञान पदवीधराला ३ वर्षं. तपासणी विभागाचा प्रमुख मात्र प्रॉडक्शनच्या प्रमुखापासून वेगळाच हवा. हा नियम ज्याने केला त्याला मी मनापासून मानते.

मान्यतेच्या मुलाखतीत गोळ्यांच्या वजनातला फरक किती चालतो ते विचारलं : २० गोळ्या, सरासरी २५० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ५ टक्के. मग ग्लिसरीन. कच्चा माल म्हणून आलं तर सर्वांत आधी काय बघाल? मी डायएथिलीन ग्लायकॉल, या विषारी द्रवाची भेसळ, म्हटलं आणि १९८६ चं जे. जे. रुग्णालय सांगितलं. भेसळीच्या ग्लिसरीनने तिथे १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. दोन्ही द्रव रंगहीन, दाट, गोड. डोळ्यांना फरक कळत नाही, आणि मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफीवर प्रत्येक मालाची तपासणी, मर्यादा ०.१ टक्का. पुढे किती तरी वेळ आम्ही त्याच विषयावर बोललो.

मान्यता आली ती केमिकल तपासणीसाठी. इन्स्ट्रुमेंटलसाठी कंपनीने अर्ज केलाय आणि सध्या मी जीसीवरच (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) बसते आहे. सिरपच्या मोसमात ग्लिसरीनचे ड्रम एकामागून एक येतात. प्रत्येक ड्रममधून नमुना काढायचा, हे नव्या ट्रेनींना मी पहिल्याच दिवशी शिकवते.