आमची वाटचाल : मनगटावरून डॅशबोर्डवर

वडिलांचं पुण्यात घड्याळ दुरुस्तीचं दुकान, सगळी चावीची घड्याळं, त्यात एचएमटी जास्त. मग क्वार्ट्झ आलं आणि लोक फक्त सेल बदलायला यायला लागले, सेल बदलून घर चालतं का? गाडीच्या घड्याळांकडे आम्ही काही ठरवून वळलो नाही, एक गिऱ्हाईक जुन्या मर्सिडीजचं, डब्ल्यू ११५ मॉडेलचं, घड्याळ रुमालात बांधून घेऊन आलं, म्हणे चार ठिकाणी दाखवलं, सगळे फेकून द्या म्हणतात.

उघडलं तर आत कीन्झल ह्या जर्मन कंपनीचं मशीन. गंमत अशी की हे घड्याळ चालतं स्प्रिंगवरच, फक्त चावी द्यायला माणसाऐवजी कॉइल, म्हणजे करंट दिला की ओढणारी तारेची गुंडाळी, बसवलीय. एक-दोन मिनिटांत स्प्रिंग उतरली की करंट जोडणारे दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइल झटका देऊन स्प्रिंग परत ताणते, तोच तो टक् आवाज. पण बॅटरी उतरलेली असली की झटका पुरत नाही, पॉइंट टेकलेलेच राहतात, करंट चालूच आणि कॉइल तापत जाते. म्हणून आत एक पत्ती लवकर वितळणाऱ्या सोल्डरने टेकवलेली असते, जास्त तापलं की ती सुटते आणि कॉइल वाचते.

मला तेव्हा हे कुठे माहीत. पत्ती सुटलेली दिसली, आपलं नेहमीचं सोल्डर लावलं जे १८३ डिग्रीच्या आसपास वितळतं, घड्याळ सुरू, मी खूश, पैसेही घेतले. काही महिन्यांनी ते लोक गावी गेले, गाडी उभी, बॅटरी डाऊन, आणि ह्यावेळी पत्ती जागची हलली नाही, कॉइलचा कोळसा. वडील काही बोलले नाहीत, जळकी कॉइल माझ्या टेबलावर ठेवली फक्त. अजून तिथेच आहे. नवीन कॉइल हाताने गुंडाळून फुकट बसवून दिली, दुसऱ्या खेपेला जमली, आणि त्याच माणसाने पुढे ओळखीतल्या जुन्या गाडीवाल्यांना आमच्याकडे पाठवलं.

खरं सांगायचं तर निम्म्या घड्याळांना काहीच झालेलं नसतं, तेल सुकून चिकट झालेलं आणि पॉइंट काळे पडलेले, साफ करून बारीक तेल दिलं की पळतात. मर्सिडीजच्याच डब्ल्यू १२३ मॉडेलचं क्वार्ट्झवालं घड्याळ मुलगा बघतो, त्यात बहुतेक वेळा कॅपॅसिटर गेलेला असतो. जुन्या इंग्लिश गाड्यांचं स्मिथ्स कंपनीचं घड्याळ आलं की आधी विचारतो गाडीच्या बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलाय का मायनस, कारण त्यातल्या बऱ्याच गाड्यांत बॉडी प्लसला असते आणि तिथे तयार क्वार्ट्झ किट न बघता बसवलं तर संपलंच. आत क्वार्ट्झ बसवून द्या म्हणणारेही येतात, देतो बसवून, पण जुनं मशीन पिशवीत घालून त्यांच्याच हातात देतो. टाकू नका म्हणतो, पोराला लागेल उद्या.

आता घड्याळ देताना वायरला एक चिठ्ठी बांधतो, गाडी आठवडाभर उभी ठेवणार असाल तर बॅटरीची वायर काढा. तरी फोन येतातच, "अहो परत बंद पडलं", आणि मी पहिलं विचारतो, गावाला गेला होतात का?