चार बॅटऱ्या, ४८ व्होल्ट

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पण त्याने दापोली-मंडणगडलाही सोडलं नाही. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. मी चिपळूणला ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसं-हॉस्पिटलांतल्या खासगी टेलिफोन एक्स्चेंजची कामं करतो. दापोलीच्या एका खासगी हॉस्पिटलचा ड्रायव्हर माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आला. फोन लागत नव्हते म्हणून माणूसच पाठवलेला. 'इंटरकॉम बंद. वर कोविड संशयित आहेत. ताबडतोब या.'

फुरूसच्या पुढे पडलेली झाडं तोडून गाडीपुरती वाट केली होती. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी झोपलेल्या.

हॉस्पिटलमध्ये वरून खाली साधा निरोप द्यायचा तरी सिस्टरला किट उतरवून जिना उतरावा लागे, आणि परत जाताना नवं किट. त्या दिवसांत किट मिळवणं किती जिकिरीचं होतं, ते तेव्हा काम केलेल्यांना विचारा. सिलिंडर बदलायला आलाय हे कळायलाही एक फेरी. हे ऐकूनच माझे हात भराभर चालू लागले.

वरचे पत्रे उडाल्याने भिंतीवरून पाणी थेट एमडीएफवर, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या पेटीत उतरलं होतं. एक्स्चेंजची कार्डं कोरडी होती, पण जनरेटरचा दाब वरखाली होऊन पॉवर सप्लाय जळलेला. आतली बॅटरी फुगलेली. बाजारपेठ बंद, सुटा भाग कुठून आणणार?

या एक्स्चेंजला लागतो फक्त ४८ व्होल्ट डीसी. तोच दाब तांब्याच्या दोन तारांवरून प्रत्येक फोनपर्यंत जातो, म्हणून साध्या फोनला स्वतःची वीज लागतच नाही. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ४८ झाले. एक इन्व्हर्टरची निघाली, एक डॉक्टरांच्या गाडीची, एक बंद रुग्णवाहिकेतली. चौथी शेजारच्या टेम्पोवाल्याने न मागता काढून दिली. वेगवेगळ्या वयाच्या बॅटऱ्या एका साखळीत जोडू नयेत हे मला ठाऊक आहे, पण छोटं एक्स्चेंज थोडाच करंट खातं, आणि तिथे निवड करायला वाव नव्हता. फ्यूज मात्र घातला.

वॉर्डबॉय शेजारी टॉर्च धरून उभा होता. "काका, पॉझिटिव्ह अर्थला? गाडीत तर निगेटिव्ह बॉडीला असतं."

"टेलिफोनात असंच असतं बाळा. ओल्या जमिनीत पॉझिटिव्ह तांबं झिजतं. म्हणून तारा निगेटिव्ह ठेवायच्या." कोकणातल्या ओलीत या जुन्या युक्तीचं मोल मी रोज पाहतो.

क्रोन स्ट्रिप, म्हणजे त्या पेटीतली वायरी अडकवायची पट्टी भिजलेली, वायरींच्या काही जोड्यांवर हिरवी पुटं. जनरेटर चालू असतानाच्या तेवढ्या वेळात सिस्टरांच्या हेअर ड्रायरने ती वाळवली. जिथे खरखर राहिली, त्या जोड्या सोडून कोरड्या जागी नव्याने पंच केल्या, म्हणजे हत्याराने दाबून बसवल्या. आधी वरचा कक्ष, मग नर्सिंग स्टेशन, ऑक्सिजनची खोली, डॉक्टरांची खोली, फाटक. हिशेबाचं ऑफिस शेवटी. बाहेरच्या लाइनी मेलेल्याच होत्या, पण आतल्या आत बोलायला एक्स्चेंजला बाहेरचं जग लागत नाही.

डायल टोन आला आणि लगेच वरून रिंग वाजली. "हॅलो, खाली कोण आहे? तीन नंबरला सिलिंडर पाठवा." रिसेप्शनवरच्या मुलीने तोच निरोप ऑक्सिजनच्या खोलीत दिला. जिना कुणी चढलं नाही.

आवारात एक बाई वादळाच्या आधीपासून बसून होत्या. नवरा वर, भेट नाही. डॉक्टर म्हणाले, "यांना जोडून द्या." सिस्टरने फोन खाटेजवळ नेला.

"कौलं उडाली काय गो?" पलीकडून पहिलाच प्रश्न.

"पडवीची गेली. माजघर शाबूत हाय. तुम्ही आधी जेवा."

कौलं, गुरं, आंब्याचं झाड असं सगळं बोलून झालं. कोणी त्यांना घाई केली नाही.

वादळाच्या आधी त्या हॉस्पिटलात तारांचे फोन काढून सगळ्यांना मोबाइल देण्याचं चाललं होतं. डॉक्टरांनी तो बेत सोडला आणि एक्स्चेंजला वेगळा बॅटरी बँक मागितला. तो मी वरच्या मजल्यावर बसवला, कोरड्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंच. दुसरं कोणतंही उपकरण त्याला जोडायचं नाही, हे तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून कबूल करून घेऊनच मी निघालो.