माझ्या हाताच्या मापाने

रविवार, रात्री दहा

उजवा खांदा ठणकतोय. आईने तेल कोमट करून चोळून दिलं. तरी लिहायला बसले, उद्यापर्यंत आजचं काही निसटायला नको.

विजापूर रोडवरच्या तलवारबाजीच्या क्लबात सकाळी सातची बॅच. आपल्या सोलापूरच्या उन्हात नऊनंतर पत्र्याखाली ते जाड जाकीट अंगावर ठेववत नाही. माझी व्हीलचेअर लोखंडी चौकटीवर चढवून घट्ट आवळली. समोरच्या खुर्चीत क्लबातलाच एक मुलगा बसला, एरवी उभ्याने खेळणारा. मधल्या दांडीशी दोन्ही खुर्च्या ११० अंशांत तिरप्या.

मग सरांनी माप घेतलं. मी हात सरळ केला, त्याने कोपर दुमडलं. फॉइलचं, म्हणजे आमच्या बारीक, लवचिक तलवारीचं, टोक त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला टेकेल एवढं अंतर. मग उलट, त्याचा हात सरळ आणि माझं कोपर. सर म्हणाले, “ताई, तुमचा हात आखूड. अंतर तुमच्या मापाचं धरायचं की त्याच्या, ते तुम्ही सांगायचं. नियमच आहे तसा.”

गच्चीवर कुरडया वाळत घालताना पडले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून काउंटर, पायऱ्या, गड्ड्याच्या जत्रेतली वाट, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचं. मी क्षणभर बोललेच नाही. मग म्हटलं, “माझ्या.”

फॉइलच्या खेळात फक्त धडावरचा वार मोजतात. पायांना लागलं तर गुण नाही, उभ्याने खेळणाऱ्यांनाही नाही. हे मला फार आवडलं. मागे पळायची सोय नाही. कमरेतून मागे झुकायचं, नाहीतर पात्याने पातं अडवायचं. माझा तोल कच्चा, म्हणून डाव्या हाताने खुर्ची धरलेली. झेप घेतली की तोच हात मला ओढून परत आणतो. पलंगावरून खुर्चीत रोज तोच आणतो, त्यामुळे तो तयारच होता. त्या मुलाचं मात्र बूड सारखं उचलायचं. सामन्यात त्याला ताकीद मिळते.

चार वार त्याचे. पाचव्याला त्याचं पातं मी बाहेर सारलं आणि हात सरळ केला. माझं पातं त्याच्या छातीवर कमानीसारखं वाकलं. “लागलं, ताई,” तोच आधी म्हणाला.

सर म्हणाले, १९६० साली रोमच्या पहिल्या पॅरालिम्पिकमध्येही ही खुर्चीतली तलवारबाजी होती. मला ती आज कळली.

रिक्षावाल्या काकांना पुढच्या रविवारी साडेसहाला बोलावलंय.