एवढ्या वयात राक्षसांच्या गोष्टी?

एवढ्या वयात या राक्षसांच्या गोष्टी, म्हणजे फँटसी, का वाचता असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हा प्रश्न हसून सोडून देते, कारण तो येतो लग्नाच्या पंगतीत नाहीतर बँकेत डबा खाताना, आणि तिथे उत्तर ऐकायची कुणालाच गरज नसते. प्रश्नाचे दोन तुकडे असतात. पहिला: पन्नाशी उलटली, आता सून आणायची वेळ आली, तरी ते ड्रॅगन आणि जादूटोणा अजून कसं काय वाचत बसता तुम्ही? दुसरा, जरा आवाज खाली आणून: आणि मोबाइलवरच्या त्या ग्रुपमध्ये रात्री उशिरापर्यंत कुणाशी काय बोलत बसता?

पहिला तुकडा चटकन उरकते. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या कपाटात जी. ए. कुलकर्णी असतात. त्यांच्या १९७५च्या ‘रमलखुणा’त दोनच दीर्घकथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. त्यातली गावं कुठल्या तालुक्यात येतात ते दाखवा मला. ते वाचताना कुणी ‘एवढ्या वयात?’ म्हणत नाही, कारण ते साहित्य. त्याच्याही मागे जायचं तर मराठी कादंबरी रांगायला लागली तेव्हाच तिला अद्भुताची ओढ होती. १८६१ची ‘मुक्तामाला’ घ्या, १८६८ची ‘मंजुघोषा’ घ्या. अरबी सुरस गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणल्या त्याही त्याच सुमारास. हरिभाऊ आपट्यांनी पुढे कादंबरीला वाड्याच्या माजघरात नेलं, फार मोठं काम केलं, पण तेव्हापासून आपण माजघरातून बाहेरच पडायचं नाही असं जे ठरवून टाकलं, ते मला पटत नाही. वयाचा मुद्दा संपला.

दुसरा तुकडा खरा महत्त्वाचा. मला विचाराल तर फँटसी एकट्यानं वाचून पुरी होतच नाही. तिला समोर कुणीतरी ‘मग?’ विचारणारं लागतं, ‘हे कसं काय?’ म्हणून अडवणारं लागतं. घरी ते कुणी करत नाही. माझ्या यजमानांना शेअर बाजार सोडून कुठलीच काल्पनिक गोष्ट आवडत नाही. म्हणून तो ग्रुप.

माणसं सगळी वेगवेगळी. कुणी सांगलीत शिकवतं, म्हापशाचे एक निवृत्त सर आहेत, एकजण न्यू जर्सीत. रविवारी रात्री आमची जेवणं झालेली असतात तेव्हा तिच्याकडे दुपार असते, ती मागे कुकर लावूनच बोलत असते. बहुतेकांना मी प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. एक पुस्तक ठरतं, आठवड्याची प्रकरणं ठरतात, त्यापुढचं कुणी बोललं की ‘स्पॉयलर, स्पॉयलर!’ असा गिल्ला होतो. मग वाद. जादूला नियम हवेत की नकोत, हा आमच्याकडचा कायमचा वाद आहे. काही लेखकांच्या जादूला इतके नियम असतात, अमुक धातू गिळला की तमुक शक्ती, त्याची मर्यादा एवढी, की मला बँकेतलं परिपत्रक वाचतेय असं वाटतं. ग्रुपमधल्या तरुण पोरांना नेमकं तेच आवडतं. ‘काकू, मॅजिक सिस्टिम नसेल तर लेखक काय वाटेल ते करेल,’ असं एकजण मला समजावत असतो. त्याचं अगदीच चूक नाही, पण मी मान्य केलेलं नाही.

आम्ही काय करतो याचा एकच नमुना देते. आमच्यात मिरजेच्या एक मावशी आहेत. लेकीनं टॅब दिला, म्हणून आल्या. आयुष्यभर संकष्टी केलेली. एका कादंबरीत नायक मध्यरात्री किल्ल्याच्या तटावरून दोर टाकून उतरतो आणि त्याच्या डोक्यावर बारीक चंद्रकोर असते. आम्ही सगळे तो प्रसंग वाचून भारावलेलो. मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘हे होणार नाही.’ का हो? तर म्हणे, बारीक कोर सूर्याला सोडून लांब जातच नाही. शुद्ध पक्षातली असेल तर सूर्यामागोमाग तास-दोन तासांत मावळणार, वद्य पक्षातली असेल तर पहाटेच्या आधी उगवणार नाही. चतुर्थीच्या चंद्रासाठी उपाशी बसलात कधी तर कळेल. मध्यरात्री डोक्यावर असतो तो पुनवेचा. कुणीतरी लेखकाची बाजू घेतली, की मावशी, दुसरं जग आहे हे, तिथला चंद्र वेगळा असेल. त्यावर मावशी: ‘चंद्र वेगळा असू दे. सूर्य एकच आहे ना? उजेड कडेवर पडतो म्हणून कोर दिसते. मग सूर्य जवळच हवा. आणि दोन सूर्य असतील तर त्यानं तसं आधी सांगायला नको?’

आठवडाभर ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. शेवटी म्हापशाच्या सरांनी इंग्रज लेखक टोल्किनचा दाखला काढला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये प्रवासी मंडळींची फाटाफूट होते, काहीजण एका दिशेला, काहीजण दुसऱ्या, मधे कोसांचं अंतर. १९४४ साली लिहिता लिहिता टोल्किनच्या ध्यानात आलं की आपला चंद्र भलतंच काहीतरी करतोय, एका मुलखात उगवतोय आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळतोय. तसं त्यानं मुलाला पत्रातून कळवलंसुद्धा. मुलगा तेव्हा हवाई दलात, दक्षिण आफ्रिकेत, महायुद्ध चालू. आणि बाप ऑक्सफर्डमध्ये बसून कल्पनेतल्या देशाच्या तिथ्या जुळवतोय, मागची प्रकरणं त्यासाठी दुरुस्त करतोय. शेवटी त्यानं चंद्राच्या कला ठरवल्या त्या १९४२ सालच्या खऱ्या चंद्रावरून. मावशींनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे पंचांग बघणारा माणूस आहे तर?’ आणि ते तीन जाडजूड खंड वाचायला घेतले. आम्ही आग्रह करकरून थकलो होतो.

आता याला तुम्ही वेळ घालवणं म्हणा. पण ज्यांना वाटतं की फँटसी म्हणजे डोकं बाजूला ठेवून वाचायची चीज, त्यांनी आमच्या एका रविवारी येऊन बसावं. घोडा दिवसात किती कोस चालेल, सैन्याला धान्य कुठून येतं, वाळवंटातल्या राजधानीला पाणी कोण पुरवतं, सगळ्याची झडती होते. खऱ्या जगावरची पुस्तकं आपण इतकी तपासून वाचत नाही, कारण तिथे लेखकाला जग आयतं मिळालेलं असतं.

आणि वाचकानं असं मधे बोलणं या साहित्याला नवं नाही. टोल्किनचीच पहिली कादंबरी, ‘हॉबिट’, छापायची की नाही हे ठरवताना प्रकाशक स्टॅन्ले अन्विननं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं. पोरानं अभिप्राय लिहून दिला, त्याबद्दल एक शिलिंग घेतला, आणि पुस्तक १९३७ मध्ये निघालं. पुढे लोकांना हॉबिट नावाच्या त्या बुटक्या मंडळींबद्दल आणखी हवं होतं म्हणून प्रकाशकानं तगादा लावला, त्यातून ते तीन खंड झाले.

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट बोलून टाकते. आमच्या ग्रुपवर नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात विचारतो, ‘पीडीएफ आहे का कुणाकडे?’ नाही. असली तरी मिळणार नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत एस बुक्स या प्रकाशनानं तिथल्या कॉपीराइटमधली फट शोधून टोल्किनची परवानगी न घेताच त्या तीन खंडांची स्वस्त आवृत्ती काढली, खंडाला ७५ सेंट. थोड्याच महिन्यांत बॅलन्टाइननं अधिकृत आवृत्ती आणली, तिची किंमत ९५. मागच्या कव्हरवर लेखकाचं निवेदन होतं, की हयात लेखकाची निदान एवढी तरी कदर असणाऱ्यांनी हीच प्रत घ्यावी. वाचकांची पत्रं आली की उत्तरात टोल्किन तेच लिहायचा. वाचकांनी असा गदारोळ केला की एसला लेखकाचं मानधन चुकतं करून ती आवृत्ती थांबवावी लागली. त्यात २० सेंट जास्त मोजणारी कॉलेजची पोरं होती! आपल्याकडे दोनशेची पाणीपुरी-पावभाजी खाऊन मग पुस्तक फुकट मागतात. असो. नाहीतर मी याच्यावरच बोलत बसेन.

पण तुम्ही मला नेमकं विचारलंत की हे वेड तुम्हाला लागलं कुठून, परदेशी पुस्तकं वाचून ना? तर नाही. चांदोबातून. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, असा विक्रम राजा शंकर यांनी काढलेला. त्या चित्रावरून बोट फिरवत बसायचे मी. आणि थोडी मोठी झाल्यावर त्या वेताळाचं मूळ घर सापडलं, ‘कथासरित्सागरा’त. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यमतीसाठी रचलेला ग्रंथ. त्यातला वेताळाला खांद्यावर घेणारा राजा राहतो कुठे? प्रतिष्ठानात, गोदावरीच्या काठी. आपलं पैठण हो!

त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला या सगळ्या गोष्टी आल्या कुठून त्याची गोष्ट आहे, आणि ती मी भेटेल त्याला सांगते. पैठणला सातवाहन राजा होता. राण्यांसमोर संस्कृतात त्याची फजिती झाली, मनाला लागलं, व्याकरण शिकायचं म्हणाला. दरबारातला गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य इरेला पेटला: तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन. शर्ववर्म्यानं शिकवून दाखवलं. गुणाढ्य मुकाट रानात गेला, उरलेल्या ‘पैशाची’, म्हणजे पिशाचांच्या, भाषेत सात वर्षं खपून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. रानात शाई कुठली, म्हणून स्वतःच्या रक्तानं. दोन शिष्यांच्या हाती ती राजाकडे पाठवली. राजा आता व्याकरण शिकलेला! त्यानं नाक मुरडलं: भाषा पिशाचांची, अक्षरं रक्तानं लिहिलेली, दूर करा.

एवढ्या वयात राक्षसांच्या गोष्टी, असंच म्हणाला की नाही तो?

मग गुणाढ्यानं टेकडीवर अग्निकुंड केलं. एकेक पान मोठ्यानं वाचायचा आणि आगीत टाकायचा. ऐकायला कोण, तर रानातली हरणं, डुकरं, रेडे, पाखरं. ती कोंडाळं करून उभी राहिली, चरायचं विसरली, डोळ्यांतून पाणी. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस कसाचं नाही. आचाऱ्यांनी पारध्यांवर ढकललं. पारधी म्हणाले, जनावरं खातच नाहीत महाराज, तिकडे एक माणूस गोष्ट वाचतोय. राजा धावत गेला तेव्हा सहा लाख श्लोकांची राख झाली होती. एक लाख उरले होते. आणि ते का उरले? नरवाहनदत्त राजपुत्राची ती कथा त्या दोन शिष्यांची फार आवडती होती, म्हणून गुणाढ्यानं तेवढी आगीत टाकली नव्हती.

मला ही गोष्ट इथेच पकडते. राजाच्या पसंतीनं काही उरलं नाही. पंडितांच्याही नाही. दोन पोरांना ती आवडत होती, पुन्हा पुन्हा ऐकायची होती, एवढ्यावर एक लाख श्लोक उरले. रात्री उशिरा कुणी कुठल्याशा पात्राबद्दल भलामोठा मेसेज टाकतं, आणि मी झोप सोडून त्याला तेवढंच लांब उत्तर लिहिते, तेव्हा आम्ही त्या शिष्यांच्याच पंगतीतले, असं मी समजते. कुणाला हे अति वाटेल. वाटू दे.

आता या उत्साहाला दुसरी बाजू आहे आणि ती मी झाकणार नाही. चाहते कधीकधी फार वाईट वागतात. ‘फक्त सिनेमा पाहिलाय? मग तुला काय कळणार?’ हे मी ऐकलंय, आणि ते बोलणाऱ्याला आम्ही ग्रुपवर झापलंय. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट बघणं अजून चालू आहे, तर काही लोक त्या म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीवरून हिशेब मांडतात. शी! रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये ‘व्हील ऑफ टाइम’ ही मालिका अर्धवट टाकून गेला, तर त्याच्या बायकोनं, जी त्याची संपादकही होती, ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला ती पुरी करायला सांगितलं. त्याचं नाव तिला सुचलं ते त्यानं जॉर्डनच्या मृत्यूनंतर लिहिलेली श्रद्धांजली वाचून. तो लहानपणापासूनचा चाहता. २०१३ ला चौदावा खंड आला. वाट बघायचीच तर अशी बघावी, स्वतः काहीतरी लिहीत.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर चौदा खंडांपासून करू नका, हात जोडून सांगते. अर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’ मालिकेतलं पहिलं पुस्तक घ्या, १९६८चं, पातळ आहे. आईविना वाढलेलं, शेळ्या राखणारं एक पोर जादूगार होतं, आणि त्याचा रंग तांबूस सावळा आहे. हे लेखिकेनं मुद्दाम केलं, तरी कव्हरवाले कित्येक वर्षं त्याला गोरा काढत राहिले.

आणि आमच्यात यायचं असेल तर दिवाळीनंतर या. ‘कथासरित्सागर’ सुरू करतोय, एकशे चोवीस तरंग, म्हणजे प्रकरणं, आहेत, पुरतील. वेताळ प्रश्न विचारेल तिथे पुस्तक मिटायचं, आधी प्रत्येकानं आपलं उत्तर सांगायचं आणि मगच राजाचं वाचायचं, असं ठरलंय. पहिल्या गोष्टीत पद्मावतीच्या आईबापांच्या मृत्यूचा दोष कुणाचा, यावरून न्यू जर्सी आणि मिरजेचं आत्ताच बिनसलंय, दोघींनीही गोष्ट आधी वाचलेली असल्यामुळे.