मांजरांच्या गुहेत, चिखलात बसून

डब्लिनच्या दुकानांत हिरव्या टोपीचा लेप्रेकॉन, म्हणजे आयरिश लोककथांतला जादुई बुटका, इतक्यांदा भेटतो की आयर्लंडची भुतंखेतं म्हणजे फ्रिजवर लावायची चुंबकं, असंच वाटायला लागतं. आई माझ्याकडे राहायला आली होती. चौथ्या दुकानात तिने विचारलं, "हा तर विदूषक झाला. इथली माणसं घाबरतात कुणाला?" म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही टल्स्क गाठलं.

टल्स्क हे रॉसकॉमन काउंटीतलं चिमुकलं गाव. डब्लिनहून एम ४ आणि पुढे एन ५ हे महामार्ग धरले की गाडीने साधारण दोन तास. गाडी डावीकडूनच चालवायची असते, त्यामुळे आपल्याला जड जात नाही. गावात रॅथक्रोहनचं माहिती केंद्र आहे; आधी तिथे जा, थेट शेतांत नको. रॅथक्रोहन ही कोनाख्ट प्रांताच्या, दंतकथेतल्या राणी मेव्हची राजधानी, परिसरात 240 च्या वर पुरातन जागा. पण डोळ्यांना दिसतात ते गवताचे उंचवटे आणि त्यांवर चरणारी गुरं. गोष्टी ऐकल्याशिवाय इथे काहीच दिसत नाही.

आम्हाला बघायची होती ओवेनागॅट, म्हणजे मांजरांची गुहा. ती खासगी शेतात आहे, तेव्हा केंद्राकडून वाटाड्यासह सफर आधीच ठरवून ठेवा. गुहेचं तोंड बघून आई म्हणाली, "हे तर घुशीचं बीळ!" आणि ती बाहेरच थांबली. मी बसून, पाय पुढे टाकत, घसरत आत शिरलो. तोंडापाशीच माथ्यावरच्या आडव्या दगडावर ओगम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा आहेत: 'मेव्हपुत्र फ्रेखचा'. बॅटरी समोरून न मारता तिरकी धरली की खाचा उठून दिसतात. सुरुवातीचा भाग माणसांनी दगड रचून केलेला, पुढे चुनखडीतली नैसर्गिक भेग; एकूण सुमारे 37 मीटर. तळाशी वाटाड्याने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. स्वतःचा हात दिसेना. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, आणि त्या अंधारात त्याने सांगायला सुरुवात केली.

साउइनच्या रात्री, म्हणजे आजच्या हॅलोविनला, ही गुहा उघडते. इथून एलेन नावाचा तीन डोक्यांचा राक्षस निघाला आणि त्याने देश उजाड केला. मग लाल पक्षी आले. त्यांच्या श्वासाने झाडं-पिकं करपली. मग डुकरं आली, आणि ती कुणालाच धड मोजता येईनात. मेव्ह स्वतः मोजायला बसली तर एकाने तिच्या रथावरून उडी मारली. तिने त्याची तंगडी पकडली, तर हातात फक्त कातडं! मॉरिगन ही युद्धदेवता इथूनच बाहेर पडते. तिच्या रथाला एकाच पायाचा घोडा, आणि रथाचा दांडा त्याच्या अंगातून आरपार जाऊन कपाळातून बाहेर आलेला. हे ऐकताना माझा मोबाइल हातातून निसटून चिखलात गेला. दोष मॉरिगनचा नव्हे, माझाच. डोक्याला बांधायचा दिवा न्या.

वर आलो तर आई गुहेजवळच्या काटेरी हॉथॉर्नपासून चार हात लांब उभी. हे झाड 'त्यांचं' असतं, 'त्यांचं' म्हणजे 'शी' नावाच्या अद्भुत, अदृश्य लोकांचं. फांदी तोडायची नाही. क्लेअर काउंटीत 'लाटून' नावाच्या ठिकाणी महामार्गाच्या आड असंच एक झाड येत होतं. 1999 मध्ये कथाकार एडी लेनिहन यांनी ते वाचवायची मोहीम उभारली, आणि रस्त्याच्या आखणीत झाडाला जागा मिळाली. मी म्हटलं, "फळं तोडली नाहीस ना?" आई म्हणाली, "मुंज्याच्या पिंपळाखालून तिन्हीसांजेला जायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं का?"

भारतातून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. गुहेसाठी गमबूट आणि टाकून द्यायची पँट घाला. गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर आईसारखं वरच थांबा, त्यात कमीपणा नाही. हॅलोविनच्या आसपास यायचं असेल तर सफर फार आधी ठरवा. आणि परतताना गाडीच्या सीटवर टाकायला जुनी चादर आणा. आम्ही आणली नव्हती.