ओघळात सापडलेला जबडा

सकाळी अकराच्या सुमाराला ओघळाच्या तळाशी तो तुकडा हाती आला. बोटभर लांब, राखाडी, एका बाजूला दाण्यांसारख्या दातांच्या ओळीच ओळी आणि त्यांच्यामधून गेलेली खोल खाच. भिंगाखाली धरला आणि छाती धडधडायला लागली. हायपरोडॅपेडॉन! चोचीच्या तोंडाचा, झाडपाला खाणारा हा सरपटणारा प्राणी रिंकोसॉर कुळातला. वरच्या जबड्यातल्या या खाचेत खालच्या जबड्याची धार बसायची, कात्रीसारखी.

आम्ही प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात होतो, मालेरी नावाच्या थरांच्या लाल पंकाश्मात, म्हणजे चिखलाचा दगड झालेल्या खडकात. यातले खालचे थर जुने, वरचे नंतरचे. हा उतार नकाशात 'वरची मालेरी' म्हणून मीच दाखवला होता, आदल्या वर्षी, फायटोसॉर या मगरीसारख्या प्राण्याच्या दोन सुट्या दातांच्या भरवशावर. पण हायपरोडॅपेडॉन मिळतो तो खालच्या मालेरीत. वरच्या थरांपर्यंत तो उरलेला नाही. म्हणजे एक तर नकाशा चुकला होता, नाहीतर तुकडा दुसरीकडून वाहत आला होता.

सकाळपासून सेराटोडस या फुप्फुसमाशाच्या दातांच्या चकत्या मिळत होत्या. दिसायला सुरेख, पण वय ठरवायला जवळजवळ निरुपयोगी, कारण हा मासा ट्रायासिक काळापासून क्रेटेशियस काळापर्यंत, म्हणजे कोट्यवधी वर्षं टिकला. हायपरोडॅपेडॉनचं उलट आहे. तो थोडाच काळ जगला, पण तेवढ्यात स्कॉटलंडपासून ब्राझील-अर्जेंटिनापर्यंत पसरला. अर्जेंटिनातल्या इस्चिगुआलास्टोच्या थरांत त्याच्या हाडांच्या सोबतीला ज्वालामुखीची राख आहे, आणि तिचं वय मोजलं तर सुमारे २३.१ कोटी वर्षं येतं. आम्हाला इथे तशी राख मिळालेली नाही. तिथलं वय इथे आणायचं ते या दातांच्या आधारावरच. लाखो वर्षांचा हिशेब एका जबड्यावर पेलतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सर तुकडा बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "कोणाचा ते कळलं. कुठल्या थरातला ते सांग."

दातांच्या फटी सुईने कोरल्या. आत लाल माती नव्हती. चुन्याच्या बारीक गोळ्यांची फिकट रेती होती. तसा खडक उताराच्या मध्यावर दिसत होता, जेमतेम हातभर जाडीचा पट्टा. पण असा पट्टा म्हणजे जुना प्रवाह. काठ खरवडत जाताना तो आणखी जुन्या थरातलं हाडही उचलून आणू शकतो, आणि मग पट्ट्याचं वय एक, हाडाचं दुसरं. तुकड्याच्या कडा झिजलेल्या नव्हत्या, ही जमेची बाजू. तरी तेवढ्यावर नकाशातली वरच्या-खालच्या मालेरीची हद्द हलवायला मन धजेना.

पुढचे पाच तास आम्ही तो पट्टा गुडघ्यांवर बसून पाहिला. चार वाजता ब्रशखाली एक हाड दिसलं, मग त्याला लागून दुसरं. खालच्या जबड्याचं टोक, आणि त्याच्यामागे एकाला एक जुळलेले चार मणके. दगड झालेलं हाड प्रवाहाने उकरून पुन्हा वाहून नेलं असतं तर मणके असे सांध्यात राहिले नसते. प्राणी मेल्यावर लवकरच, मांस-स्नायू शाबूत असताना, तिथे गाडला गेला होता.

पट्टा खालच्या मालेरीतला ठरला, म्हणजे त्याच्याखालचा सगळा उतारही आपोआप तिकडेच गेला. नकाशावरची माझी रेघ मी खोडली आणि पट्ट्याच्या वर, टेकडीच्या खांद्यापाशी तुटक रेघेने नवी काढली. मणक्यांवरचं प्लास्टर वाळेपर्यंत अंधार पडला होता. ते दुसऱ्या दिवशी सकाळी उचलले.